सहकारी पाळक म्हणाला "सेवा सोडतो", तर काय करायचं

रात्री अकरानंतर फोन वाजतो. पलीकडून थोडा वेळ कोणी बोलत नाही, मागे कूलरची घरघर ऐकू येते, आणि मग सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयात, तुमच्याच बाकावर बसलेला माणूस म्हणतो, "भाऊ, मले आता जमत नाही. सोडून देतो म्हणतो."

२०१६ च्या मे महिन्यात असा फोन मी स्वतः केला होता. माझा मित्र दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने नागपुरात आला आणि मी सेवेत राहिलो. त्यानंतर मला असे चार फोन आले. त्या चौघांपैकी दोघं आज सेवेत आहेत, दोघं नाहीत. सोडलेल्या दोघांपैकी एकाच्या बाबतीत माझ्याकडून मोठी चूक झाली. ती पुढे सांगणार आहे, कारण तुमच्याकडूनही तीच होण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

आपल्याला अंत्यविधी शिकवतात, प्रभुभोजनाचा प्याला कसा धरायचा ते शिकवतात. शेजारच्या मंडळीचा, म्हणजे चर्चमधल्या लोकांचा, पाळक आतून मोडत चालला असेल तर त्याच्याजवळ कसं बसायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. तुम्ही पहिल्यांदाच या जागी असाल तर एवढं आधी मनाशी पक्कं करा: त्याला सेवेत ठेवणं हे तुमचं काम नाही आणि बाहेर काढणंही नाही. तो जो काही निर्णय घेईल तो पोटभर जेवलेल्या, झोप झालेल्या आणि घरचा हिशेब कळलेल्या माणसाने घेतलेला असावा, यासाठी तुम्ही झटायचं.

एक खुलासा. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या याच शहरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तरी नागपुरात आज मेथडिस्ट, मार थोमा, पेंटेकॉस्टल आणि कितीतरी स्वतंत्र मंडळ्या आहेत. राजीनामा, रजा, बंगला (चर्चने पाळकाला दिलेलं घर) यांचे नियम प्रत्येकाचे वेगळे. मी जे सांगतो ते प्रोटेस्टंट पाळकांच्या अनुभवातून. तुमच्या मंडळीची घटना, म्हणजे नियमावली, काढून नेमका नियम तपासा. कॅथलिक फादरांची वाट पूर्ण निराळी असते, त्यांना याजकपणाच्या बंधनातून मोकळं होण्याची परवानगी रोमहून येते. त्याबद्दल इथे काही सांगत नाही.

१. त्याच रात्री: वचन नको, चौकशी करा

फोनवर बायबलमधली वचनं सांगू नका. गेल्या रविवारी तेच वचन त्याने भरल्या देवळात सांगितलेलं असतं, त्याला ते पाठ आहे. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो" हे तुम्ही मनापासून म्हणत असलात तरी त्या रात्री त्याला ते "बरं, ठेवतो आता" असंच ऐकू येतं. प्रार्थना जरूर करा, फोन ठेवल्यावर.

विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. जेवलास का? किती दिवस झोप नाही? घरात आत्ता कोण आहे? आणि मग सरळ, आडपडदा न ठेवता: "जीव द्यावा असं मनात येतं का?" हा प्रश्न विचारायला माझी जीभ पहिल्या वेळी रेटत नव्हती. विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात नव्याने शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातल्या माणसाला जागं करायला सांगा, स्वतः निघा. १४४१६ ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. सकाळी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात घेऊन जा. नागपुरात सरकारचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या भागातल्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात, त्यामुळे तिथे पाऊल टाकायची लाज वाटते, आणि पाळकाला तर जास्तच: आपल्या मंडळीतलं कुणी पाहिलं तर? म्हणून त्याला एकट्याला पाठवू नका. तुम्ही बरोबर असलात की दोन पाळक कुणातरी रुग्णाला भेटायला आलेत असंच लोकांना वाटतं.

धोका नसेल तर एवढंच म्हणा: "उद्या येतो. तोपर्यंत कुणाला पत्र लिहू नकोस, कुठे सही करू नकोस."

२. भेटायचं कुठे

पाळकांच्या बंगल्यात भेटू नका. तिथे दर वीस मिनिटांनी कुणीतरी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येतं, आणि दार उघडलं की तो हसरा चेहरा लावतो. तो चेहरा उतरायला पुन्हा अर्धा तास लागतो. सदर भागातल्या हॉटेलातही नको, तिथे प्रत्येक दुसरं टेबल ओळखीचं असतं.

माझ्या मित्राने मला पहाटे साडेपाचला फुटाळा तलावाच्या काठावर नेलं. मे महिना, त्या दिवसांत नागपुरात सकाळी आठनंतर बाहेर बसणं होत नाही. त्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात त्याच्या बायकोने पहाटे उठून केलेल्या चार पोळ्या, कोरडं पिठलं आणि कच्च्या कैरीच्या दोन फोडी. मी म्हणालो, भूक नाही. तो काही बोलला नाही. एक पोळी अर्धी केली, माझ्या हातात दिली आणि पाण्याकडे बघत बसला. मी तीन पोळ्या खाल्ल्या. सव्वासात वाजेपर्यंत आमचं बोलणं पाच-सहा वाक्यांपलीकडे गेलं नसेल. मला फक्त आठवतं की कित्येक आठवड्यांनी मला कैरीची चव लागली.

एलीयाची गोष्ट आपण सगळ्यांनी मंडळीला सांगितलेली आहे. झुडपाखाली पडून तो मरण मागतो. देवदूत येऊन त्याला उठवतो ते भाकर आणि पाण्यासाठी. तो खातो, परत झोपतो, परत उठवून खायला घालतात. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा प्रश्न चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर येतो. आपण मात्र पहिल्याच भेटीत होरेबचा प्रश्न विचारून मोकळे होतो.

३. नेमकं काय सोडायचंय, ते त्याच्याकडूनच कळू द्या

या कामाला दोन-तीन भेटी लागतात आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा असं माझं मत आहे. "सेवा सोडतो" या दोन शब्दांत वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि बोलणाऱ्यालाही ती वेगळी करता येत नसतात.

एखाद्याला फक्त ही मंडळी सोडायची असते. कमिटीतली दोन घराणी एकमेकांशी बोलत नाहीत, दोघांनाही पाळक आपल्या बाजूने हवा असतो, आणि दर सभेनंतर तो माणूस दोन्हीकडून सोलला जातो. अशा माणसाला विचारा, "उद्या बदलीचा कागद हातात पडला तर?" त्याचा चेहरा उजळला, तर तुमचं निम्मं काम झालं. त्याने सेवा सोडायची गरज नाही. बदलीचा अर्ज लिहायला त्याला मदत करा.

एखाद्याला पैशाने गाठलेलं असतं, आणि ते तो सगळ्यात शेवटी सांगतो. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाचं घर रविवारच्या दानावर चालतं. उन्हाळ्यात माणसं गावी गेली की दानाची थैली हलकी, आणि नेमकी तेव्हाच पोरांची फी भरायची असते. "मला पगार पुरत नाही" हे पाळकाने म्हणणं म्हणजे अविश्वास, असं आपण आपल्यातच ठरवून टाकलं आहे. म्हणून तो "माझं पाचारणच नव्हतं", म्हणजे देवाने मला या कामाला बोलावलंच नव्हतं, असं म्हणतो. ते वाक्य ऐकलं की मी हल्ली हळूच विचारतो, "उसने किती आहेत?" एकदा उत्तर आलं, दोन लाख दहा हजार, आणि त्यातले चाळीस हजार मंडळीतल्याच एका माणसाचे. तो माणूस रविवारी पहिल्या बाकावर बसत असे. त्याच्याकडे बघत पश्चात्तापावर बोलायचं कसं, हे त्या पाळकाचं खरं दुखणं होतं.

एखादा नुसता थकलेला असतो. सात-आठ वर्षं एकही रविवार सुटलेला नाही, उपवासकाळातल्या रोजच्या सभा, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तीन तास सात वचनं, कापणीचा सण, नाताळची कॅरोलफेरी, मधूनच अंत्यविधी, रात्री दोनला दवाखाना. त्याला विचारा, "शनिवारी संध्याकाळी पोटात काय होतं?" एका मित्राने सांगितलं, त्याला शनिवारी चार वाजल्यापासून मळमळायचं आणि रविवारी दुपारी जेवल्यावर आपोआप थांबायचं. तो गॅसच्या गोळ्या घेत होता, दोन वर्षं.

आणि एखाद्याचा विश्वासच हललेला असतो. प्रार्थनेला बसलं की समोर भिंत. हे ऐकताना तुम्ही घाबराल, आणि घाबरलात की वाद घालायला लागाल. वाद घालू नका. तो ज्यावर शंका घेतो आहे त्यावर त्याने तुमच्याहून जास्त रात्री घालवल्या आहेत. मी एवढंच म्हणतो की तू बोल, मी कुठे जात नाही.

शेवटी काही जणांना खरोखरच दुसरीकडे बोलावणं असतं, आणि तेही ऐकायला शिकावं लागतं. आपण नागपूरकर मिशनरी हिस्लॉप साहेबांच्या गोष्टीवर वाढलो. १८४५ मध्ये ते या शहरात आले आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात वाहून गेले. शेवटच्या श्वासापर्यंत जो सेवेत राहिला तोच खरा, असं अशा गोष्टी ऐकून मनात बसतं. पण रेव्हरंड ना. वा. टिळक आठवा. आपल्या याच नागपुरात काही काळ राहिलेला माणूस. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, मिशनमध्ये वर्षानुवर्षं सेवा, आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ सुरू केला. त्यांनी ख्रिस्त सोडला असं कुणी म्हणेल का? पगार, पद आणि झगा उतरवूनही माणूस शिष्य राहतो, हे मित्राला सांगायची वेळ आली तर टिळकांचं नाव घ्या. मात्र तिसऱ्या-चौथ्या भेटीत. पहिल्या भेटीत ते त्याला ढकलल्यासारखं वाटेल.

४. तोंड बंद ठेवा

आता ती चूक. आमच्याहून धाकटा एक पाळक माझ्याशी मन मोकळं करून गेला. त्याच्या काळजीने मला झोप येईना, म्हणून मी एका ज्येष्ठाला सांगितलं. "फक्त प्रार्थनेत ठेवा" असं म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या मंडळीच्या सेक्रेटरीने त्याला विचारलं, "पाळकसाहेब, तुम्ही चाललात म्हणे?" त्याने अजून काहीच ठरवलं नव्हतं. पण त्या रविवारपासून मंडळी त्याच्याकडे निघालेल्या पाहुण्यासारखी बघायला लागली, नव्या पाळकाची नावं निघाली, आणि दोन महिन्यांत त्याच्यापुढे राजीनाम्याशिवाय काही उरलं नाही. कदाचित त्याने सोडलंच असतं. पण तो निर्णय मी त्याच्या हातातून काढून घेतला. मी त्याच्या घरी जाऊन हे कबूल केलं, तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुम्ही वाईट मनाने नाही केलं." ते ऐकणं शिव्या ऐकण्यापेक्षा जड गेलं.

म्हणून नियम असे पाळा. प्रार्थनासभेत नाव न घेताही "आमचा एक बांधव सध्या कठीण काळातून" असं म्हणू नका. नागपुरातलं ख्रिस्ती जग लहान आहे, लोक दोन मिनिटांत नाव लावतात. पाळकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अक्षर नको. बिशप किंवा चर्चच्या जिल्हा अधीक्षकांना सांगायचं असेल तर त्याने स्वतः सांगावं, तुम्ही हवं तर सोबत जा. तुमच्या बायकोला सांगायचं का, हेही त्यालाच विचारा. तुम्हाला स्वतःला हा भार पेलत नसेल तर शहराबाहेरच्या, त्याला न ओळखणाऱ्या कुणाशी बोला आणि गावाचं नाव गाळा.

५. पाळकीणबाईंचा विचार

त्याच्या आधी बहुतेक वेळा त्यांना कळलेलं असतं. पण त्या कुणाला सांगणार? मंडळीत त्यांना मैत्रीण नसते, महिला मंडळात त्या अध्यक्ष असतात. बंगला गेला तर स्वयंपाकघर कुठे मांडायचं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात रात्रभर असतो. त्या मिशनच्या शाळेत शिकवत असतील तर नवऱ्याच्या राजीनाम्याचा त्यांच्या नोकरीवर काय परिणाम होईल, ही भीती वेगळी.

तुम्ही थेट त्यांच्याशी बोलायला जाऊ नका. तुमच्या पत्नीने, किंवा जुन्या ओळखीच्या एखाद्या ताईने, एक दुपार त्यांच्याबरोबर घालवावी, अर्थात दोघांची परवानगी घेऊन. आणि मित्राला एक गोष्ट ठामपणे सांगा: त्यांना न विचारता राजीनामा द्यायचा नाही. हे मी सुचवत नाही, बजावतो.

मुलांना कधी सांगायचं ते आईवडिलांनी ठरवावं. घर बदलावं लागणार असेल तर शाळेचं वर्ष बघा. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे एप्रिल-मे हलवाहलवीला बरे.

६. राजीनाम्याआधी सुट्टी

ईस्टरनंतरच्या पंधरवड्यात आणि नाताळनंतरच्या पंधरवड्यात सेवा सोडण्याचा निर्णय घेऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्या दिवसांत आपण कुणीच शुद्धीवर नसतो.

निदान सहा आठवड्यांची रजा मिळवायचा प्रयत्न करा. रजेच्या अर्जात "प्रकृती अस्वास्थ्य" एवढं पुरतं, आणि ते खोटं नसतं. "माझ्यामागे मंडळी कोण बघणार?" ही त्याची पहिली हरकत असेल. ती तुम्ही सोडवायची: चार-पाच पाळकांनी रविवार वाटून घ्या, एकाने अंत्यविधी आणि दवाखान्याचे फोन घ्यावेत, आणि हे वेळापत्रक लेखी करून त्याच्या सेक्रेटरीच्या हातात द्या. माझ्या वेळी माझ्या मित्राने तीन रविवार स्वतः येऊन उपदेश केला, एसटीचं भाडंही घेतलं नाही.

रजेत त्याने शहराबाहेर जावं. बंगल्यातच राहिला तर ती रजा नव्हेच. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन साखर, रक्तदाब, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. गॅसच्या गोळ्यांवर दोन वर्षं काढलेल्या मित्राला डॉक्टरांनी चिंताविकाराचं निदान सांगितलं. उपचार सुरू झाले, तो आजही पाळक आहे, आणि शनिवारी संध्याकाळी मुलाबरोबर कॅरम खेळतो.

समुपदेशक निवडताना एक पथ्य: तो त्याच्या चर्चच्या नोकरीत नसावा. जो माणूस उद्या बदलीच्या बैठकीत बसणार आहे त्याच्यासमोर कोण मन उघडेल?

७. एक जागा जिथे सोबत वेगळी होते

कधी कधी सेवा सोडण्यामागे थकवा नसतो, गैरवर्तन असतं. पैशाची अफरातफर, किंवा मंडळीतल्या स्त्रीशी अधिकाराचा गैरफायदा घेऊन संबंध. तेव्हा "गुपचूप राजीनामा दे, मिटेल" असा सल्ला देऊ नका. ज्याचं नुकसान झालं त्याच्याबद्दल आधी विचारा. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर तिथे गुप्ततेचा प्रश्नच उरत नाही: २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही. पहिल्याच भेटीत मित्राला हे सांगून ठेवा की तुझं सगळं माझ्यापाशी राहील, या एका गोष्टीखेरीज.

८. सोडायचं ठरलंच, तर कागदपत्रं

रजा झाली, बोलणी झाली, बायकोशी विचार झाला आणि तरी तो म्हणतो, "सोडतो." आता त्याला परत वळवू नका. पाळक मंडळी व्यवहारात भोळी असतात आणि नुकसान नेमकं इथे होतं, म्हणून त्याच्याबरोबर एक अख्खा दिवस बसा, फाइल घेऊन.

हे कागद गोळा करा:
– पाळकपदाच्या दीक्षेचा दाखला, नेमणुकीचं पत्र, आजवरचे बदलीचे आदेश
– पगाराच्या पावत्या किंवा पासबुक; पीएफ कापला जात असेल तर यूएएन (पीएफ खात्याचा) क्रमांक
– सेमिनरीच्या पदवीबरोबर त्याआधीच्या बी.ए. किंवा बी.कॉम.च्या गुणपत्रिका. सेरामपूरची बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) प्रत्येक नोकरीत चालेलच असं नाही, आधीची पदवी बहुतेक ठिकाणी विचारतात
– आधार, रेशनकार्ड, गॅस, बँक, मुलांची शाळा: या सगळ्यांवर बंगल्याचा पत्ता असतो. नवा पत्ता मिळताच बदलून घ्यायचा

पीएफबद्दल एक. कर्मचारी पेन्शन योजनेत १० वर्षांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क येतो. कुणाची साडेनऊ वर्षं झाली असतील तर तारीख मोजल्याशिवाय राजीनाम्यावर सही नको. बऱ्याच चर्चसंस्थांचा स्वतःचा फंड असतो, त्याचे नियम लेखी मागा. ग्रॅच्युइटीचा कायदा साधारण ५ वर्षांच्या सलग सेवेनंतर लागू होतो. आपल्या संस्थेत तो धरतात का, हे खजिनदाराला पत्र लिहूनच विचारा, तोंडी नको.

मग हवाली करायच्या गोष्टी. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं, प्रभुभोजनाची भांडी, कपाटांच्या किल्ल्या, पावतीपुस्तकं. प्रत्येकाची यादी दोन प्रतींत, घेणाऱ्याची सही आणि तारीख. एका मित्राला सोडल्यानंतर दीड वर्षाने चांदीच्या प्याल्याबद्दल विचारणा झाली. यादी होती म्हणून तो सुटला. बँकेच्या खात्यावरची त्याची सही काढल्याचं पत्र बँकेकडून घ्या. तो मंडळीच्या नोंदणीकृत न्यासाचा विश्वस्त असेल तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. तो दिला गेला नाही, तर कागदावर तो विश्वस्तच राहतो.

आणि सगळ्यात धोक्याची जागा: लग्नं. सोडल्यानंतर कुणीतरी जुना माणूस येणारच, "पाळकसाहेब, पोरीचं लग्न तुमच्याच हातून." १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे अधिकार किंवा परवाना नसताना लग्न लावणं गुन्हा आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्याने त्या लग्नाला जावं, आशीर्वाद द्यावा, जेवावं. विधी आणि रजिस्टर विद्यमान पाळकाच्या हातात.

राजीनाम्याचं पत्र पाच ओळींचं ठेवा. तारीख, पद, कधीपासून मोकळं व्हायचं, आभार, सही. कुणी काय छळलं हे त्यात लिहायचा मोह होतो. ते दुसऱ्या कागदावर लिहायला सांगा, पूर्ण लिहू द्या, आणि तो कागद तुमच्यापाशी ठेवा. बंगला रिकामा करायला किमान तीन महिने मागा आणि मिळालेली मुदत लेखी घ्या.

निरोपाचा रविवार होऊ द्या. त्याला गुपचूप निघून जावंसं वाटेल. पण ज्यांना त्याने बाप्तिस्मा दिला, ज्यांच्या बापाला मूठमाती दिली, त्यांना "सलाम, पाळकसाहेब" म्हणायची संधी मिळाली पाहिजे.

९. पहिलं वर्ष

पहिल्या रविवारी तो कुठे बसणार, हे आधी विचारा. जुन्या मंडळीत जाणं नव्या पाळकालाही जड जातं. तुमच्या देवळात बोलवा, पण व्यासपीठावर नको, पहिलं वचन वाचायलाही नको. त्याला मागच्या बाकावर बसू द्या, उपासना अर्धी सोडून जावंसं वाटलं तर जाऊ द्या.

पाळकांच्या मासिक बैठकीतून त्याचं नाव जाईल आणि त्याबरोबर त्याचे निम्मे मित्रही. लोक वाईट नसतात, त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. तुम्ही आधीच ठरवून ठेवा: महिन्यातून एक दिवस, दोघांनी तर्री पोहे खायचे, मंडळीचा विषय त्याने काढला तरच. नोकरीसाठी ओळख द्या. वसतिगृह, दवाखान्यातलं समुपदेशन, सामाजिक संस्था, शिकवणी, अशा ठिकाणी दहा वर्षं माणसं सांभाळलेल्या माणसाची कदर होते. त्याच्या गावी आई त्याला अजून पाळकच म्हणत असेल, तर ते दुरुस्त करायला जाऊ नका.

त्याच्या दीक्षेची तारीख तुमच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा. नाताळ कसाबसा निघतो, आजूबाजूला गर्दी असते. ही तारीख मात्र दुसऱ्या कुणाला आठवत नाही, आणि त्याला सकाळपासून आठवत असते. त्या दिवशी फोन करा, जमलं तर डबा घेऊन जा. माझ्या मोबाइलमध्ये अशा दोन तारखा आहेत, एक नोव्हेंबरातली, एक फेब्रुवारीतली.